झोपमोड आणि पुरुषाचे बीज



मराठीत वांझ हा शब्द बाईसाठी आहे. पुरुषासाठी त्याच्या जोडीचा शब्द नाही. निपुत्रिक म्हटले तर तो नशिबाचा भाग ठरतो, आणि षंढ म्हटले तर ती शिवी होते. शिवाय तिचा अर्थही निराळा. भाषेत राहिलेली ही फट व्यवहारातही आहे. लग्नाला तीनचार वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की सुनेला दवाखान्यात नेतात, तिच्या नावाने नवस बोलतात, तिच्या तपासण्यांची थप्पी साठते. मुलाला तपासावयाचे कोणाच्या मनात येत नाही, कारण तो धडधाकट आहे आणि रोज कामावर जातो. वस्तुतः मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण, एकटे अथवा स्त्रीच्या कारणाच्या जोडीने, सापडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली केलेल्या अंदाजाप्रमाणे प्रौढ माणसांपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे सहांत एक, या अडचणीतून आयुष्यात केव्हातरी जातात. तेव्हा हा चारदोन घरांचा प्रश्न नव्हे.

येथे एक भेद आरंभीच ध्यानात घ्यावा. पौरुष आणि बीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पतिपत्नींचा संबंध निर्वेध असूनही वीर्यात शुक्रजंतू अल्प असू शकतात, किंवा मुळीच नसू शकतात. आणि हे वीर्याकडे नुसते पाहून कळत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत दर मिलिलिटरला १ कोटी ६० लक्ष शुक्रजंतू ही संदर्भाची खालची पातळी धरली आहे. तिच्या खाली असलेला पुरुष बाप होतच नाही असे नाही, शक्यता उतरते एवढेच.

हे बीज कशाने उणावते, याची कारणे पुष्कळ आहेत. अंडकोशातील फुगलेल्या शिरा, लहानपणी न उतरलेले अंडकोश, गालगुंडाचा आजार, तंबाखू, मद्य, लठ्ठपणा, भट्टीपुढचे काम. या यादीत अलीकडे झोपेचे नाव येऊ लागले आहे. आगाशीकरांपुढे तेवढेच एक निवडून बोलावयाचे, याला कारण आपली आगगाडी होय.

विरारहून मुंबईस जाणारी पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली. त्या रुळांवर आपल्या तालुक्याच्या तीनचार पिढ्यांनी संसार केले. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. आगाशीहून स्टेशन गाठणे, बसावयास जागा मिळावी म्हणून आधीची गाडी पकडणे, आणि परतीला तोच प्रकार. सकाळी सहाला घर सोडणारा माणूस रात्री साडेनऊला जेवावयास बसतो, जेवणानंतर घटकाभर मोबाईल पाहतो, आणि अंथरुणाला पाठ लागते तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. पाचला पुन्हा उठावयाचे. वाडीत फुले करणाऱ्याची तऱ्हा याच्या उलट: दादरच्या बाजारात वेळेवर टोपली उतरावी म्हणून तो मध्यरात्र टळताच उठतो. दोघांच्याही वाट्याला झोप येते पाच तासांची.

आता या पाच तासांचा एक प्रयोग ऐका. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी दहा निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत झोपविले. प्रथम काही रात्री त्यांना दहा तास अंथरुणात राहू दिले. नंतर आठ रात्री फक्त पाच तास, रात्री साडेबारा ते पहाटे साडेपाच. हे वेळापत्रक जणू कोणी विरारच्या फलाटावर बसून आखले असावे! आठवडाभरात त्या तरुणांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन दिवसाच्या वेळी १० ते १५ टक्क्यांनी उतरले. वयाबरोबर हा स्राव वर्षाला साधारण एकदोन टक्केच उतरतो, यावरून या उताराचा अंदाज यावा. हा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला.

असे का व्हावे? टेस्टोस्टेरॉन हा पुरुषाच्या अंडकोशात तयार होणारा अंतःस्राव. त्याची आज्ञा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येते, आणि त्या ग्रंथीला हुकूम देणारा भाग तिच्याही वर मेंदूत आहे. झोप लागली की या स्रावाची पातळी चढू लागते, पहाटेच्या सुमारास ती कळसाला पोचते, आणि दिवसभर ओसरत जाते. हा चढ घड्याळाच्या काट्यापेक्षा झोपेशी अधिक बांधलेला आहे. सलग तीनेक तास तरी नीट झोप मिळावी तेव्हा तो जोर धरतो. शुक्रजंतू घडण्यास अंडकोशात हा स्राव भरपूर लागतो. घोरणाऱ्यांची कथा आणखी वेगळी. ज्याचा श्वास झोपेत वारंवार अडतो त्याला आठ तास अंथरुणात काढूनही झोप मिळालेली नसते, रक्तातील प्राणवायू रात्रभर खालीवर होतो. मोठ्याने घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, हा आपल्याकडचा समज अगदी उलटा आहे. त्यात बहुधा वजनही वाढलेले असते, आणि चरबी स्वतःच टेस्टोस्टेरॉन खाली ओढते. श्वासासाठी रात्री लावावयाचे यंत्र झोप सुधारते खरे, पण केवळ त्याने हा स्राव वाढतो असे चाचण्यांत दिसलेले नाही. वजन उतरविले तर मात्र तो वाढतो.

परंतु स्राव उतरला म्हणजे बीज उतरलेच, असे म्हणता येत नाही. त्यासाठी बीजच मोजावयास हवे. डेन्मार्कमध्ये सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीला आलेल्या ९५३ तरुणांचे वीर्य तपासले, आणि त्यांना झोपेविषयी प्रश्न विचारले. ज्यांची झोप सर्वांत बिघडलेली होती त्यांच्यात शुक्रजंतूंचे प्रमाण, झोपेची थोडीशीच तक्रार असलेल्यांच्या मानाने, २९ टक्के कमी आढळले. हे २०१३ चे काम. पुढे २०१८ साली अमेरिकेतील बोस्टनच्या संशोधकांनी अपत्यासाठी प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत सहा तासांहून कमी झोपणाऱ्या पुरुषांच्या जोडप्यांना दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता, आठ तास झोपणाऱ्यांच्या तुलनेने, बरीच कमी दिसली. मौज अशी की नऊ तास आणि त्याहून अधिक झोपणाऱ्यांतही ती कमीच होती.

या पाहण्या संबंध दाखवितात, कारण सिद्ध करीत नाहीत. जो झोपत नाही तो कदाचित सिगारेटही ओढतो, चिंतेतही असतो. आणि मूल होत नाही ही चिंताच झोप उडवावयास पुरेशी आहे. सासर, माहेर, शेजार सगळे विचारू लागले की रात्र कशी जाते हे ज्यांच्यावर आली त्यांनाच ठाऊक. तेव्हा बाण दोन्ही दिशांनी जाऊ शकतो. अपुरी झोप हे वंध्यत्वाचे एकमेव कारण म्हणून कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

जुन्यांनी यावर काही म्हटले आहे काय? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २१ व्या अध्यायात, निद्रेवर अवलंबून असणाऱ्या गोष्टी सांगताना पुष्टी, बल यांच्याबरोबर वृषता आणि क्लीबता यांचाही उल्लेख आहे. निरीक्षण मार्मिक आहे. पुरावा म्हणून मात्र ते पुढे करू नये. त्याच्या उलट, मागाहून आपल्याकडे रुजलेली एक समजूत निव्वळ घातुक आहे. झोपेत वीर्य गेले की पुरुष खचतो, ही ती. या भीतीवर भिंतीवरच्या जाहिरातींनी पिढ्यान् पिढ्या पैसा केला, आणि कित्येक मुलांनी त्यापायी रात्री जागून काढल्या. स्वप्नावस्था ही शरीराची नेहमीची क्रिया आहे, तिच्याने बीज संपत नाही. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून असल्या विषयांवर उघडपणे लिहिले. त्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले. आजही या विषयावर घरात आवाज खाली जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

आजची जाहिरात जरा सुधारलेली आहे. टेस्टोस्टेरॉन कमी झाले ना, मग तेच टोचून घ्या, असे व्यायामशाळेतून सांगण्यात येते. ज्याला मूल हवे त्याने ही सुई कदापि घेऊ नये. बाहेरून स्राव आला की पिट्युटरी ग्रंथी आपली आज्ञा थांबविते, अंडकोशाचे स्वतःचे काम मंदावते, आणि शुक्रजंतू पार नाहीसेही होऊ शकतात. दंड फुगतात आणि बीज जाते. सुई थांबविल्यावर ते बहुधा परतते, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षाहून अधिक.

मग करावे काय? गाडीचे वेळापत्रक आपल्या हाती नाही, पण जेवणानंतरचा मोबाईलचा तास आहे. रजेच्या दिवशी दुपारपर्यंत लोळून आठवड्याची उणीव पुरती भरून निघत नाही; रोजची झोपण्याउठण्याची वेळ ठरलेली बरी. घोरणे मोठे असेल, दिवसा गाडीत उभ्याउभ्या डुलकी लागत असेल, तर ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. वंध्यत्वाच्या दवाखान्यात हा प्रश्न विचारला जाईलच असे नाही. आणि डबा करण्यासाठी घरात जी चारला उठते तिच्या झोपेचाही हिशेब याच वेळी करावा.

फळ लगेच मागू नये. एक शुक्रजंतू घडावयास सुमारे ७४ दिवस लागतात, पुढे परिपक्व होण्यास आणखी दहाबारा. म्हणजे आज सुधारलेली झोप तपासणीत दिसलीच तर तीन महिन्यांनी दिसेल. वीर्यतपासणी दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर करावी, आणि अहवाल उणा आला तर एका कागदावर निकाल न करता पुन्हा करावी, कारण मागच्या महिन्यातला सणकून आलेला तापही आकडा पाडतो. वर्षभर प्रयत्न करून यश आले नाही तर दोघांनी एकाच दिवशी तपासणीस जावे. पत्नीचे वय ३५ च्या वर असेल तर सहा महिन्यांहून अधिक थांबू नये. झोप सुधारण्याचे तीन महिने त्या सहांतच धरावेत, त्यांच्या नंतर नव्हे.