फवारणीचे विष आणि मनाचे आरोग्य
पांढरकवड्यासह यवतमाळ जिल्ह्यातील कापूसपट्ट्यात २०१७ च्या पावसाळ्यात उंच वाढलेल्या कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तर शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट, म्हणजे स्फुरदयुक्त सेंद्रिय, कीटकनाशके असेटिलकोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात, त्यामुळे मज्जापेशींचे निरोप वाहून नेणारे असेटिलकोलिन साचत जाते, आणि तीव्र विषबाधेतून वाचलेल्यांच्या मागे पुढेही चिंता, विस्मरण, नैराश्य लागू शकते.  तरीही विदर्भातील शेतकरी आत्महत्यांची चर्चा कर्ज व नापिकीवरच थांबते, विषाच्या या परिणामापर्यंत पोहोचत नाही, ही गंभीर उणीव आहे. फवारणी करणाऱ्याच्या रक्ततपासणीबरोबर त्याच्या मनःस्थितीचीही विचारपूस गावच्या आरोग्य केंद्रातच व्हायला हवी.