वाटाण्याचं रोप आणि भांडवल

निर्मात्याला पटकथा ऐकवणं म्हणजे ‘नॅरेशन’. धाराशिव किंवा परंड्याहून त्यासाठी मुंबई गाठणाऱ्या लेखकाने दादासाहेब फाळके यांचा १९१२चा प्रयोग जरूर आठवावा.

पहिल्या चित्रपटासाठी भांडवल मिळवायला त्यांनी नुसतं बोलून दाखवलं नाही. वाटाण्याच्या रोपाचं दिवसामागून दिवस चित्रण केलं आणि ‘अंकुराची वाढ’ हा लघुपटच पडद्यावर दाखवला. तो पाहून यशवंत नाडकर्णी यांनी कर्ज दिलं. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले, हेही विसरता कामा नये. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांसमोर आला.

आज कथा ऐकवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंदणी करावीच. ती ऑनलाइन होते; तेवढ्यासाठी अंधेरीच्या कार्यालयात जावं लागत नाही.