जादूगार रघुवीर (1924–1984)

आडनाव : भोपळे
जन्मगाव : आंबेठाण, जिल्हा पुणे
ग्रंथ : ‘प्रवासी जादूगार’

पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाच्या आश्रयाने विद्यार्जन करून, ज्या काळी जादूगारी ही प्रतिष्ठित पेशांत गणली जात नव्हती त्या काळी तीच उपजीविका म्हणून पत्करणाऱ्या रघुवीरांनी आपली कला देशोदेशींच्या रंगमंचांवर नेली. पुत्र विजय आणि नातू जितेंद्र यांनी हा वारसा पुढे चालविला.

मनोवेध : प्रेक्षकाच्या हातातील वस्तू जादूगाराच्या डोळे बांधलेल्या साथीदाराने अचूक सांगावी, या पारंपरिक प्रयोगात बहुधा प्रश्नाच्या शब्दयोजनेतच उत्तराचा संकेत दडविलेला असतो, आणि तो आत्मसात करण्यास दीर्घ अभ्यास लागतो.

कायदा : संपूर्ण महाराष्ट्र राज्यास लागू असलेल्या 2013 च्या जादूटोणाविरोधी अधिनियमान्वये तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसविणे व त्यांच्याकडून पैसे उकळणे हा दखलपात्र गुन्हा आहे, हातचलाखी ही हातचलाखी म्हणूनच सादर करणारा कलावंत मात्र कोणाचीही फसवणूक करीत नाही.