पसरणारा धूर, आकसणारा मेघ

लेण्याद्रीवर लावलेल्या उदबत्तीचा धूर पसरतो. पसरलेला धूर पुन्हा टोकाशी गोळा होत नाही. कणांनी पसरून राहण्याचे प्रकार असंख्य, गोळा होण्याचे मोजके. या प्रकारांच्या मोजदादीवरून, बोल्टझमनच्या रीतीने, आम्ही एन्ट्रॉपी काढतो. ती एकंदरीत घटत नाही.

आता त्याच जुन्नर तालुक्यातील खोडदला चला. तेथे व आसपास उभ्या असलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातील हायड्रोजनचे रेडिओसंदेश टिपतात. असल्या वायूचे मेघ आकसून त्यांतूनच तारे घडतात. मग नियम मोडला काय?

नाही. हवेचे कण एकमेकांना जवळजवळ ओळखतही नाहीत. मेघातील प्रत्येक कण मात्र दुसऱ्या प्रत्येकाला ओढतो. दोन पोत्यांचे वजन दुप्पट भरते, पण दोन मेघ एकत्र आणले की ऊर्जेची बेरीज चुकते, कारण आपसांतील ओढीचा नवा हिशेब मध्ये येतो. मेघ आकसताना सुटलेल्या ऊर्जेपैकी सुमारे निम्मी कणांच्या धावपळीत राहते, उरलेली प्रकाशरूपाने निघून जाते. मेघाची स्वतःची एन्ट्रॉपी घटते खरी. बाहेर गेलेला प्रकाश त्याहून अधिक घेऊन जातो. उष्णता गमावून अधिक तापणारा असा पदार्थ आमच्या चुलीवर तरी कधी दिसला नाही!

थाणू पद्मनाभन, जे पुढे पुण्याच्या आयुकात होते, यांनी १९९० साली या गणिताचा विस्तृत आढावा घेतला. मेघाभोवती कल्पित पेटी घातल्यावाचून हा हिशेब बसत नाही. आणि पेटी असूनही मध्यभाग कडेपेक्षा सुमारे ७०९ पटींहून दाट झाला, तर तो आकसतच जातो.