लाल दिव्याची साक्ष

विलिस जीपची जोडणी मुंबईत १९४७ मध्ये सुरू झाली. पुढे महाराष्ट्रातल्या आडवाटांवर ‘जीप’ हे कंपनीचे नाव न राहता एका जातीच्या गाडीचेच नाव होऊन बसले. त्या जातीच्या जुन्या डिझेल गाड्या आजही डोंगरातल्या वाड्यांवर धावतात. अडीअडचणीला रुग्ण तालुक्याला न्यायचा तर कित्येकदा तीच गाडी काढावी लागते. अशी गाडी एखाद्या सकाळी सेल्फ मारताच नुसती ‘टक्’ करते, आणि निदान ठरलेले असते : ‘बॅटरी गेली.’ नवी बॅटरी बसते, हजारो रुपये जातात आणि पंधरवड्यात तीही उतरते.

कणगी रिकामी दिसली म्हणून कणगी बदलून भागत नाही; खळ्यावरून धान्य येते का, ते पाहावे लागते. बॅटरी ही कणगी. तिच्यात भर घालतो तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर. त्याहून जुन्या गाड्यांत डायनॅमो.

जुन्या डिझेल गाडीत हा दोष लपून राहतो, याला कारण आहे. पेट्रोल इंजिनाला ठिणगीसाठी सतत वीज लागते. डिझेल मात्र दाबाने तापलेल्या हवेतच पेट घेते. त्यामुळे यांत्रिक पंपाचे बहुतेक जुने इंजिन एकदा सुरू झाले की विजेवाचूनही चालते. चार्जिंग बंद पडल्याचे दिवसभर कळत नाही. कळते ते रात्री, घाटात, हेडलाइट पिवळे पडू लागल्यावर.

म्हणून अंदाजाऐवजी मोजमाप हवे, आणि त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ राहिल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ उतरली. आता इंजिन सुरू करून थोडी रेस द्यावी. बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर भरणा नीट आहे. आकडा वाढलाच नाही तर भरणा थांबलेला आहे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटरचा लगाम सुटला आहे. अशाने बॅटरीचे पाणी आटते. डायनॅमो असेल तर इंजिन संथ असताना भरणा न दिसणे स्वाभाविक मानावे.

भरणा थांबला असेल तर सोप्याकडून अवघडाकडे जावे. आधी पट्टा : सैल किंवा गुळगुळीत झालेला पट्टा घसरतो. मग तारा. चिखल, पाणी आणि हादरे यांनी आडवाटेच्या गाडीचे सांधे आधी गंजतात, विशेषतः इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, मल्टिमीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलला आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकाला लावावे. मग अल्टरनेटरचे अंग आणि ऋण टोक यांमध्येही तसेच मोजावे. दोन-तीन दशांश व्होल्टहून अधिक फरक आला तर वीज वाटेतच झिरपते आहे. अल्टरनेटर उघडायचा तो यानंतर : झिजलेले कार्बन, जळलेला डायोड. बिघडलेला डायोड कधी उलटाच वागतो; गाडी उभी असताना रात्रभर बॅटरीतली वीज परत पितो.

मात्र या सगळ्याआधी एक साक्षीदार तपासायचा असतो : डॅशबोर्डवरचा लाल दिवा. तो नुसता सूचना देतो, असा समज आहे. पण अल्टरनेटरच्या फिरत्या गुंडाळीत चुंबकत्व जागवायला आरंभी थोडा प्रवाह लागतो, आणि अनेक जुन्या गाड्यांत तो याच दिव्यातून जातो. अल्टरनेटर वीज देऊ लागला की दिव्याच्या दोन्ही बाजूंचे व्होल्टेज सारखे होते आणि दिवा विझतो. बल्बची तार तुटली तर वाट तुटते. भरणा सुरूच होत नाही, किंवा इंजिन बरेच पळवल्यावर होतो. चालकाला मात्र लाल दिवा दिसत नसल्याने सारे आलबेल वाटते. दोष सांगणाराच दोषी ठरतो, तोही मौन पाळून.

‘चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहा’ ही जुनी परीक्षा मात्र करू नये. डायनॅमोच्या काळात ती खपून गेली. अल्टरनेटरमध्ये व्होल्टेजच्या त्या अचानक उसळीने डायोड आणि रेग्युलेटर जळू शकतात.

तेव्हा नव्या बॅटरीसाठी दुकानाची पायरी चढण्यापूर्वी चावी अर्धी फिरवावी. लाल दिवा लागायला हवा, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. लागलाच नाही, तर तपास एका किरकोळ बल्बपासून सुरू होतो.