गल्लीच्या नालीचा खर्च कोणी सोसावा?

श्रोतेहो, ऐन वसंतात नालीविषयी बोलावयाचे म्हणजे रसभंगच, असे कोणास वाटेल. परंतु उन्हाळ्यात कोरड्या नालीची आठवण आपण ठेवली नाही, तर मृगात ती आपली आठवण स्वतःच करून देते; आणि त्या वेळी व्याख्यानाचा काही उपयोग नसतो.

आपले बाळापूर मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर वसले आहे. १७५७ साली पुरा झालेला आपला किल्ला बांधणाऱ्यांनी उंचवटा हेरला. घर बांधणाऱ्या प्रत्येकास उंचवटा कोठून मिळणार? त्यात आपली जमीन काळी. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हात आकसते आणि भेगाळते. अशा जमिनीवरील सडक मुख्यतः गाड्यांच्या भाराने बिघडत नाही, तिच्या बुडाशी मुरणाऱ्या पाण्याने बिघडते. म्हणून सडकेला मधोमध थोडा फुगवटा आणि कडेला वाहती नाली हवी. नाली तुंबली की पाणी बुडात शिरते, गिट्टी खचते, खड्डा पडतो. पहिल्या वर्षी गाळ उपसून व मुरूम टाकून भागले असते, तेथे काही वर्षांनी सारी सडक उकरावी लागते. लांबलेल्या दुरुस्तीचे हे व्याजच होय. ते कोणी भरावे, हा आजचा खरा प्रश्न.

प्रथम हे पाहू की आपण आधीच काय भरतो. महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा. सार्वजनिक रस्ते व नाल्या बांधणे आणि त्यांची निगा राखणे हे त्याने नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य ठरविले आहे. त्यासाठी उत्पन्न हवे, म्हणून घरांवर मालमत्ता कर बसतो. १९९९ साली नगरपरिषदांच्या हद्दीतील जकात गेली, तेव्हापासून सरकारी अनुदानाबरोबर याच कराकडे पाहावे लागते.

मग पुन्हा वेगळी वर्गणी कशासाठी? याचे उत्तर रस्ता कोणाचा यावर अवलंबून आहे. गावाबाहेरची शेते पाडून गुंठ्यागुंठ्याने प्लॉट विकले गेले. विकणाऱ्याने नकाशावर रस्ता दाखविला. प्रत्यक्षात चिखल मिळाला. अशा वस्त्यांसाठी २००१ साली महाराष्ट्रात गुंठेवारीचा कायदा झाला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वस्त्यांना मिळाली. वस्ती नियमित करताना प्लॉटधारकाकडून शुल्क व विकास आकार घ्यावयाचा, आणि तेथील रस्ते-नाल्यांची सोय करावयाची, असा त्याचा रोख आहे. खासगी रस्त्यालगतच्या मालकांकडून तो सपाट व पाणी वाहते करवून घेण्याचा अधिकार तर मुंबईच्या १८८८ च्या कायद्यातही होता. तेव्हा ही कल्पना काही नवी नव्हे.

कर आणि शुल्क यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात स्पष्ट केला. कर सर्वांच्या कामासाठी. भरणाऱ्याला अमुकच परत मिळेल असे त्यात नाही. शुल्क मात्र विशिष्ट सेवेपोटी. पुढे न्यायालयाने पैन्‌पैचा मेळ मागितला नाही, तरी सेवा आणि आकार यांत संबंध हवाच. यावरून आम्हांस एक सोपी कसोटी दिसते. जो रस्ता कधी झालाच नाही, तो पहिल्यांदा करावयाचा खर्च लगतच्या घरमालकांनी अंशतः सोसणे रास्त. जो रस्ता सार्वजनिक आहे आणि ज्याच्या निगेसाठी लोकांनी वर्षानुवर्षे कर दिला, त्याच्या दिरंगाईचा बोजा त्याच गल्लीवर टाकणे अन्यायाचे. तो साऱ्या गावाने उचलावा. कोणी म्हणेल, गावाचा पैसा तोही आपलाच! अगदी खरे, आणि म्हणूनच वेळेवर दुरुस्ती होण्यात साऱ्या गावाचे हित आहे.

आता वाटा कसा पाडावा? रस्त्याचा वाटा दर्शनी लांबीवर धरता येईल; पण कोपऱ्याच्या घराला दोन बाजू असतात, त्याला दुप्पट भुर्दंड नको. नालीचे गणित मात्र निराळे. वरच्या आळीचा मालक म्हणतो, "आमच्या दारात पाणी साचत नाही, आम्ही का द्यावे?" त्यांनी एक हिशेब करून पाहावा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे २५०० लिटर पाणी जमते. आपले छप्पर व फरसबंद अंगण ते जवळजवळ सारेच पुढे लोटतात. ते उताराने जाते, ते खालच्या आळीच्या उंबऱ्यावर. खालचा मनुष्य स्वतःचे पाणी सोसतोच, आणि आपलेही सोसतो. तेव्हा नालीचा वाटा दारात किती पाणी साचते यावर धरू नये; कोण किती पाणी लोटतो यावर, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळावर धरावा.

नगररचनेच्या योजनांतही १९६६ च्या कायद्याने मालकाची वर्गणी जमिनीच्या वाढलेल्या किमतीशी जोडली, आणि तिला त्या वाढीच्या अर्ध्याची मर्यादा घातली. लाभाला धरून मागणी आणि मागणीला मर्यादा, हे तत्त्व गल्लीलाही लागू करावयास हरकत नाही. जोडीला हप्त्यांची सोय हवी. निवृत्त शिक्षकाला किंवा एकट्या विधवेला एकरकमी भरणे झेपत नाही. आणि त्या वस्तीचा पैसा वेगळ्या खात्यात राहून त्याचा जमाखर्च फलकावर लागावा.

नागरिकांकडेही काम आहेच. चतुर्वार्षिक आकारणीची यादी लागली की हरकतीची मुदत असते. ती बहुधा ओट्यावर कुरकुरण्यात निघून जाते. यादी वाचावी, हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी. त्याचबरोबर नालीवर ओटा पुढे सरकवू नये आणि तिच्यात केर लोटू नये. स्वतः नाली बुजवून दिरंगाईचा जाब मागणाऱ्याचा आवाज साहजिकच बसका निघतो.

मृग आता फार दूर नाही. आज घरी जाताना आपापल्या दारची नाली कोठे उतरते, एवढे तरी प्रत्येकाने पाहून ठेवावे, ही विनंती.