ताडोबाला जाताय? वाघाआधी गाव समजून घ्या

चंद्रपूर जिल्ह्यातलं ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली ते घोषित झालं. पुढे शेजारचं अंधारी अभयारण्य जोडून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. आज सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा कोअर (गाभ्याचं जंगल) आणि त्याभोवती जवळपास ११०० चौरस किलोमीटरचा बफर (बाहेरचा पट्टा) असा त्याचा पसारा आहे.

गावांनी काय सोसलं?

वाघांना मोकळीक मिळावी म्हणून कोअरमधल्या बोटेझरी, नवेगाव, जामणी अशा गावांनी आपल्या जागा सोडल्या. बफरमधली गावं मात्र आजही वाघांच्या शेजारीच नांदतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळू लागली की बायका टोपल्या घेऊन पहाटेच झाडाखाली पोहोचतात. उशीर झाला तर गुरं आणि हरणं फुलं खाऊन टाकतात. खाली वाकून वेचणाऱ्या माणसाला झुडपाआडचा वाघ दिसत नाही, म्हणून हे काम जिवावरचं. पाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, आणि धोकाही तोच. ताडोबाचा वाघ टिकला त्यात या माणसांच्या सोसण्याचा मोठा वाटा आहे.

सफारीत कसं वागावं?

'वाघ दाखवाच' असा हट्ट गाईड किंवा जिप्सीचालकाकडे धरू नका. बक्षिसाचं आमिष तर मुळीच नको. गाड्या वेगात पळतात आणि वाघाची वाट अडते ती त्यातूनच. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिचे बछडे जिप्सींच्या गराड्यात अडकले. त्याची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली. गाडीतून उतरू नका, मोबाइल गेटबाहेरच ठेवा, आवाज करू नका. सांबराचा, वानराचा धोक्याचा कॉल ऐकू येतो तो शांत बसणाऱ्यालाच.

पैसा कुठे खर्च करावा?

मोहर्ली, कोलारा या गेटांजवळच्या गावांतली तरुण मुलं-मुली गाईडचं काम करतात. गावातल्या माणसाच्या घरी उतरा, तिथलीच भाजी-भाकरी जेवा. बफरमधली सफारी घ्या, तिथेही वाघ आहेत. जंगलामुळे घरात चार पैसे आले, तर जंगल राखण्याला गावाचीही साथ मिळते.

कधी जावं, काय टाळावं?

एप्रिल-मे महिन्यांत पाणवठ्यावर वाघ दिसतो म्हणून झुंबड उडते. त्यापेक्षा हिवाळ्यात जा, पक्षी, रानकुत्री, अस्वलं निवांत पाहता येतील. पावसाळ्यात कोअर बंद असतो आणि मंगळवारीही तिथे सफारी नसते. प्लास्टिकच्या बाटल्या नेऊ नका. वानरांना खाऊ घालू नका. त्यांना माणसाच्या हातचं खायची सवय लागली की ती रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात.

वाघ दिसणं हा नशिबाचा भाग आहे. जंगलात नीट वागणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. तेवढं तरी प्रत्येकाने करावंच.